दोन वर्षांत संघ उभा राहत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. आमच्या देवगड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाने मुलींचा बास्केटबॉल संघ यंदापासून बंद केला, कारण ‘अपेक्षित यश मिळाले नाही’. संघाला शिकवणाऱ्या मुलीचं नाव बातमीत नव्हतं. मीही देत नाही, कारण तिला अजून नोकरी शोधायची आहे. ती माझी विद्यार्थिनी. दोन वर्षं तासिका तत्त्वावर होती. एप्रिलमध्ये तिला बोलावून सांगितलं, जूनपासून येऊ नका. कारण विचारलं तर म्हणाले, दोन वर्षांत एकही सामना जिंकला नाही.

मी पस्तीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षिका होते. निवृत्त होऊन आता पाच वर्षं होत आली. मला या बातमीवर बोलायलाच हवं.

आधी एका बाईंची हकीकत सांगते. त्यांचं नाव पॅट समिट, बास्केटबॉलच्या प्रशिक्षक. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शेतकऱ्याच्या घरी १९५२ साली त्यांचा जन्म झाला. वर तीन भाऊ. गायी-गुरं, गवत, तंबाखूचं शेत, ही सगळी कामं भावांच्या बरोबरीने केलेली. माडीवर गवत साठवायची जागा असायची, तिथे भावांशी बास्केटबॉल खेळून त्या तयार झाल्या. त्यांच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, तेव्हा वडिलांनी अख्खं बिऱ्हाड शेजारच्या तालुक्यात हलवलं, का तर तिथल्या शाळेत मुली खेळत होत्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आमच्याकडे मुलीला खेळायला पाठवा म्हणून मी किती उंबरठे झिजवले, ते सगळे डोळ्यांपुढे आले.

१९७४ साली टेनेसी विद्यापीठाने मुलींच्या संघाची जबाबदारी या मुलीकडे दिली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पगार महिना अडीचशे डॉलर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुडघा मोडलेला. तो बरा करत, स्वतःचं पदव्युत्तर शिक्षण करत, आणि ऑलिम्पिकसाठी स्वतःचा सराव करत ती संघाला शिकवत होती. दौऱ्याची गाडी ती स्वतः चालवायची. मुलींचे गणवेश स्वतः धुवायची. पहिला सामना हरली, ८४-८३, एका गुणाने. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला महिलांचा बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला, त्यात रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात ती खेळली. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये तिने शिकवलेल्या अमेरिकेच्या संघाने सुवर्ण घेतलं. त्या ऑलिम्पिकच्या वेळी मी अमरावतीला बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करत होते. पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं म्हणून आमच्या वसतिगृहात त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. त्याच लॉस एंजेलिसमध्ये बत्तीस वर्षांची एक बाई सुवर्ण जिंकणारा संघ घडवून उभी होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तर नोकरीची पहिली काही वर्षं मला इतकं एकटं वाटलं नसतं.

आता संस्थेच्या मंडळींनी पुढचं जरा सावकाश वाचावं. विद्यापीठाला पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद कधी मिळालं? १९८७ साली, म्हणजे समिटबाईंच्या तेराव्या हंगामात. त्याआधी त्यांचा संघ सात वेळा शेवटच्या चार संघांत पोचला आणि सातही वेळा विजेतेपदाविना परतला. त्या सातपैकी कुठल्याही वर्षी ‘अपेक्षित यश नाही’ असा शेरा मारून त्यांना घरी बसवता आलं असतं. कोणी बसवलं नाही. मग ते पहिलं धरून आठ अजिंक्यपदं आली. १९९७-९८ च्या हंगामात ३९ सामने, ३९ विजय. अडतीस वर्षं एकाच विद्यापीठात काढून त्या थांबल्या तेव्हा नावावर १०९८ विजय होते.

कोणी म्हणेल, कुठे टेनेसी आणि कुठे आपला तालुका. बरोबर आहे. त्यांचा एकही हंगाम असा गेला नाही की हार जास्त आणि जीत कमी. आमच्या मुलींची त्या मुलींशी बरोबरी मी करत नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीच्या हाती संघ दिला तर तिला किती वर्षं द्यायची, हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे. आजची अकरावीतली मुलगी बॉल नीट पकडायला लागते तोवर बारावी संपते. पहिल्या दोन वर्षांत शिकवणारी जे पेरते ते तिच्या हातात दिसतच नाही. आठवीतल्या ज्या मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून बघतात, त्यांच्यात ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी उगवतं. कलम लावून दुसऱ्या वर्षी हापूस मागणारा बागायतदार मला देवगडात दाखवा.

या आमच्या मुलीने दोन वर्षांत काय केलं, ते मी रोज बघत होते. माझं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. ते मैदान म्हणजे कातळावर ओतलेलं सिमेंट. जूनचे पहिले आठ दिवस पाऊस लागला की त्यावर हिरवं शेवाळ धरतं आणि पाय ठेवला की माणूस आडवा. शालेय स्पर्धा मात्र नेमक्या पावसाळ्यातच. म्हणून ही मुलगी दर रविवारी सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने मैदान घासायची. खाऱ्या वाऱ्याने रिंगचा गंज सुटून खाली पडायचा, तो झाडून मग मुलींना आत घ्यायची. एकदा मी छत्री घेऊन कुंपणाशी उभी होते. डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत येऊन उडी मारत बास्केट टाकायला, ती एका मुलीला शिकवत होती. मुलीचे पाय काही केल्या जुळेनात. तेव्हा तिने कडेच्या गडग्यातला जांभ्या दगडाचा तुकडा उचलला आणि सिमेंटवर तांबडी पावलं काढली. आधी डावं, मग उजवं, आणि उजव्यावरून उडी. मुलगी त्या पावलांवर पाय ठेवत गेली, एकदा, दोनदा, दहादा. रात्री पाऊस आला की पावलं धुऊन जायची. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा काढायची. साधारण तीन आठवडे मी ती पावलं रोज बघितली. चौथ्या आठवड्यात ती दिसली नाहीत, आणि मुलगी डाव्या हाताने बास्केट टाकत होती.

पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, हा संघ ३४-६ असा हरला. दुसऱ्या वर्षी २२-१९. ज्यांना फक्त हार दिसते त्यांनी हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. तीन गुणांचा फरक म्हणजे कमानीबाहेरून टाकलेलं एक बास्केट.

ही मुलगी खेळायला कशी आली तेही सांगते. वडील ट्रॉलरवर खलाशी. शाळेत ती माझ्याकडे आठवीत होती, पळायला वाऱ्यासारखी, पण अर्ध्या पँटीत खेळायला घरून परवानगी नाही. जूनमध्ये मासेमारी बंद असते, एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत, तेव्हा वडील घरी सापडतील म्हणून मी गेले. ते पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी अर्धा तास बोलले, त्यांची मान खालीच. उठता उठता माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या रिंगचं जाळंही फाटून गेलंय, नवीन यायला दिवाळी होईल. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाले, “माका माप द्या, मी ईणून देतंय.”

मी माप दिलं. रिंगला बारा हुक, लांबी हातभर, खाली निमुळतं, म्हणजे बॉल क्षणभर अडकतो आणि मग सुटतो. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जाळं घेऊन आले, शिडी लावून चढले, एकेक फासा हुकात घातला. खाली उतरल्यावर त्यांनी मुलीला सांगितलं, टाक बघू. तिने टाकला. नव्या जाळ्यातून बॉल जाताना आवाज येतो, तो ज्याने ऐकलाय त्याला सांगावा लागत नाही. ते बराच वेळ कुंपणाशी उभे राहिले. जाताना मला एवढंच म्हणाले, “खेळांदेत तिका.” ते जाळं सात वर्षं टिकलं. विकतचं दोन पावसाळे काढत नाही.

त्या दिवसापासून बारावीपर्यंत मुलीने एक दिवस सराव चुकवला नाही. पुढे घरातून बाहेर पडून तिने बी.पी.एड. केलं आणि मुंबई-पुण्याला न थांबता परत आली. आमच्या किती मुली परत येतात? आलेल्या या एकीला आम्ही दोन वर्षांत घालवलं.

समिटबाईंच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पत्र संपवता येत नाही. त्यांच्या मुलींना वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावं लागे, आणि विनाकारण तास बुडवलेला चालत नसे. त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पुरी केलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. खेळामुळे अभ्यास बुडतो असं आमच्याकडे पालकसभेत दर वर्षी ऐकू येतं. हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक पालकाला मला ही गोष्ट सांगायची आहे.

दुसरी गोष्ट. टेनेसीच्या शाळांत तेव्हा मुली सहा-सहा जणींच्या संघाने खेळायच्या आणि तीन-तीन जणींनी आपापल्या अर्ध्या मैदानातच राहायचं, रेघ ओलांडायची नाही असा नियम. पूर्ण मैदान मुलींना झेपणार नाही ही समजूत. समिटबाईंनी याविरुद्ध कोर्टात साक्ष दिली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो नियम गेला. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, मुलींना लेझीम शिकवा, दोरीच्या उड्या घ्या, हे धसमुसळे खेळ कशाला. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी ती रेघ ओलांडायला दहा वर्षं घेतली. आता संघ बंद करून संस्था नकळत तीच रेघ पुन्हा मारते आहे.

२०११ च्या ऑगस्टमध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, समिटबाईंनी जाहीर केलं की त्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे, अल्झायमर. तरी एक हंगाम त्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये त्यांनी जागा सोडली तेव्हा ती कोणाकडे गेली? हॉली वॉर्लिक यांच्याकडे. वॉर्लिक त्यांच्याच संघातून खेळलेल्या, आणि मग सत्तावीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकवत राहिलेल्या. २०१६ च्या जूनमध्ये समिटबाई गेल्या. खेळलेल्या मुलीने शिकवायचं, तिच्या हाताखालच्या मुलीने पुढे शिकवायचं, संघ असा टिकतो. आमच्याकडे हे होऊ घातलं होतं. मी शिकवलं, माझ्या विद्यार्थिनीने शिकवायला घेतलं, आणि तिची डाव्या हाताने बास्केट टाकणारी मुलगी मागच्या महिन्यात मला विचारून गेली की बी.पी.एड.ला कुठले विषय लागतात.

संस्थेला माझी विनंती आहे. या मुलीला परत बोलवा आणि निदान पाच वर्षं राहू द्या. मानधन वाढवा असं ती म्हणत नाही, मीच म्हणते, कारण तासाच्या मानधनात शेवाळ घासायचा रविवार धरलेला नसतो. आणि आपल्यालाही एक मागणं आहे, संपादक महाराज. शालेय स्पर्धांचे निकाल आपण आवर्जून छापता, त्यासाठी आम्ही आपले ऋणी आहोत. त्या निकालाखाली शिकवणाऱ्याचं नावही छापा. जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचंसुद्धा.

बॉलच्या कपाटाची चावी तिने एप्रिलमध्येच कार्यालयात जमा केली. माझ्याकडचे दोन जुने बॉल पडवीत आहेत. संध्याकाळी साडेपाचला सहा मुली येतात, ते घेऊन जातात आणि काळोख पडता पडता परत आणून ठेवतात. ती त्यांच्याबरोबर असते, पगाराशिवाय. संस्थेच्या कोणाला बघायचं असेल तर त्यांनी कधीही यावं. पाऊस असला तरी त्या असतात.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(माझं नाव-पत्ता सोबत दिला आहे. त्यावरून मुलीची ओळख पटेल म्हणून तो छापू नये, ही विनंती.)