चाहूल

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "भुताच्या सिनेमात आता काही राम उरला नाही रे," आणि लगेच कुणीतरी बोलावलं म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

तुमच्या माजघरातली ती रात्र आठवते? १९९५ साल, सोनीवर 'आहट' नुकतं सुरू झालं होतं आणि आळीत केबल फक्त तुमच्याकडे. काकू आतून ओरडल्या, "आवाज कमी करा रे!" तू चिडून पार बंदच करून टाकलास. आणि भीती गेली की! पडद्यावर एक बाई जिना चढत होती, बास. पाच मिनिटांत मीच उठून आवाज वाढवला आणि तोच जिना पुन्हा अंगावर आला. 'आहट' म्हणजेच 'चाहूल', मालिकेचं नावच मुळी ते होतं, हे मला फार उशिरा उमगलं. त्या रात्री घरी जाताना बोळातल्या आडाचा रहाट वाऱ्यानं कर्र वाजला आणि मी चपला हातात घेऊन धावत सुटलो. तो 'कर्र' अजून जसाच्या तसा कानात आहे. त्या भागात भूत कसं दिसत होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, अव्या. भीती आधी कानाला लागते. ज्याला हे कळलं त्याचा सिनेमा टिकला, मग तो जुना असो की कालचा.

'महल' घे. १९४९ चा, कमाल अमरोहींचा. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी लांबून येत येत जवळ येतात. लताबाईंना ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं. आज हे सगळं बटणावर होईल. पण तो आवाज खरोखर पावलं टाकत आलाय, आणि ते कानाला कळतं. मधुबाला दिसायच्या आधीच आपण अशोककुमारसारखे त्या हवेलीत अडकलेलो असतो. 'सायको'मध्ये तर हिचकॉकला न्हाणीघरातल्या त्या प्रसंगाला संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमननं तरीही व्हायोलिनं किंचाळायला लावली, हिचकॉकनं ऐकलं आणि मानलं. एवढ्या मोठ्या माणसानं स्वतःचं म्हणणं मागे घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

नव्यांतही हे जमलेले आहेत. 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये आई तळघराच्या जिन्यावर काड्या ओढत बसते आणि तिच्या कानाशी दोन हात टाळी वाजवतात. नुसते हात! रामसेंच्या 'पुराना मंदिर'मधल्या सामरीला आपण लहानपणी किती घाबरायचो, पण त्याचा चेहरा पाच वेळा पाहिल्यावर ओळखीचा झाला. ती टाळी अजून ओळखीची होत नाही.

आणि 'तुंबाड'. तू तो मोबाइलवर बघितलास असं म्हणालास, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. मीही आधी लॅपटॉपवरच पाहिला होता. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थेटरात लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी गेलो. राही अनिल बर्वेनं तो पाऊस खरा घेतलाय, कित्येक पावसाळे थांबून. थेटरात तो पाऊस चारी बाजूंनी कोसळतो आणि मग कोकणातल्या त्या काळोख्या घरात साखळदंड खळखळतो. धाकट्या भावाला घेऊन आई निघून गेलेली, आणि पोरटा विनायक एकटा त्या घरात साखळीनं बांधून ठेवलेल्या म्हातारीला जेवण द्यायला मागे राहिलेला. ती त्यालाच खायला उठते. मग तो काय म्हणतो? झोप, नाहीतर हस्तर (सिनेमातला तो शापित, हावरा देव) येईल! अरे, आपल्या आयांनी आपल्याला थोपटत म्हटलेलं वाक्य आहे हे, 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल'. इथे ते नातवाच्या वयाचं पोर पणजीच्या वयाच्या बाईला म्हणतं, आणि ती खरंच झोपते. ते ऐकताना पोटात जो खड्डा पडला, तसा कुठल्याही अक्राळविक्राळ तोंडानं पडला नव्हता. आणखी एक सांगतो. ती म्हातारी आणि पुढे विनायकाचा मुलगा, दोन्ही कामं एकाच मुलानं केलीत, मोहम्मद समदनं. हे कळल्यावर मी सिनेमा परत पाहिला. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेचं बीज इतकं मोठं झालेलं बघून डोळे भरून आले.

मराठीत विचारशील तर 'लपाछपी', २०१७. आपण उसाच्या गावचे, तुला वेगळं काय सांगू! फडात शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही, नुसती पात्यांची सळसळ. त्या सळसळीत पोरं खिदळतात आणि वाटतं, राज्य आपल्यावर आलंय. पूजा सावंत छानच आहे, पण मला झोप लागू दिली नाही ती उषा नाईकांच्या मायेनं ओथंबलेल्या आवाजानं. पोटुशी बाई दिसली की गावातली एखादी थोरली जशी बोलते, हुबेहूब तस्सा. आणि मुलींच्या बाबतीत त्या घरात काय झालंय ते कळतं, तेव्हा त्या मायेचीच शिसारी येते. त्याच दिग्दर्शकानं, विशाल फुरियानं, पुढे हिंदीत 'छोरी' केला. मला मराठीच भिडला.

तुझं अगदीच चूक आहे असंही नाही. 'मुंज्या' मी मोठ्या आशेनं पाहिला. पिंपळावरचा मुंजा, कोकण, सगळं आपलं. पण त्यांनी तो संगणकावरचा मुंजा इतका वेळ समोर नाचवला की सवय झाली. आजीच्या तोंडून नुसतं 'तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ नको' ऐकलं, तरी आपण वळसा घालून जायचो ना रे! आणि हल्लीच्या वेब सीरिजमधलं ते उठसूट 'धडाम्' वाजणं मला सहन होत नाही. दचकायला होतं, पण घाबरायला होत नाही.

आता माझं एक ऐक. तुझ्याकडे कानभर बसणारे ते मोठे हेडफोन आहेत. एका रात्री सगळे झोपले की दिवे मालव आणि 'महल'चं ते गाणं लाव. पहिल्या ओळींना डोळे मिटून ठेव. ती किती जवळ आली असं वाटलं, ते मला लिहून पाठव. फोन करू नकोस, पत्रच लिही.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
बाळ्या