मल्टि-इफेक्ट पेडल घेताना इफेक्ट मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मोबाइल, टीव्ही, वॉशिंग मशीन घेताना काय पाहावं यावर नेमाने लिहून येतं. वाद्यांबद्दल क्वचितच येतं. मी सांगलीत गिटार शिकवतो आणि नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात : "सर, पोरगं इलेक्ट्रिक गिटारला मल्टि-इफेक्ट मागतंय. दहा हजारांच्या आसपास कुठलं घेऊ?" हे पत्र त्या पालकांसाठी आहे. मल्टि-इफेक्ट म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तऱ्हेतऱ्हेने बदलणारं, पायाशी ठेवून वापरायचं यंत्र; त्यालाच पेडलही म्हणतात.

दुकानदार पहिला आकडा सांगतो तो इफेक्टचा. शंभर, दीडशे. शिकणाऱ्या मुलाला त्यातले लागतात मोजकेच : हलका ओव्हरड्राइव्ह आणि एक जाड डिस्टॉर्शन (दोन्ही आवाज फाटका, खरखरीत करणारे), कोरस (एक गिटार अनेक वाटावी असा), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (हॉलसारखी घुमक). आमच्या ऑर्केस्ट्राची अख्खी रात्र एवढ्यावर निघते. तेव्हा तो आकडा सोडून द्या आणि आधी हे ठरवा, की आवाज बाहेर कुठून येणार आहे : हेडफोन, ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) की मंडपातले स्पीकर?

फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा बहुतेक वेळ हेडफोनवरच वाजवणार. आजकालच्या पेडलमध्ये ॲम्प आणि त्याच्या कॅबिनेटची (स्पीकरच्या खोक्याची) नक्कल आतच असते, त्यामुळे वेगळा ॲम्प लगेच घ्यायला नको. हेडफोन मात्र वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये तार छेडल्यावर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि नव्या मुलाची लय तिथेच बिघडते. अशा मुलाला झूम कंपनीचं 'जी१ फोर' पुरेसं आहे, असं माझं मत. त्यात ट्यूनर आहे, ठेके आहेत, छोटा लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा) आहे, आणि वीज गेली तरी चार पेन्सिल सेलवर ते चालतं. इफेक्टपेक्षा त्या ठेक्यांचा फायदा जास्त होतो. जी मुलं रोज ठेका लावून स्ट्रमिंग करतात, त्यांचा हात लवकर बसतो. मात्र त्याच्या यूएसबीवरून कॉम्प्युटरवर गिटार रेकॉर्ड होत नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर नक्स कंपनीचं 'एमजी-३००' पाहा, किंवा जास्त पैसे घालून बॉस कंपनीचं 'जीटी-१'. दोन्हींची यूएसबी ऑडिओ पाठवते.

स्टेजवर वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पेडलची लीड (वायर) थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते. कॅबिनेटची नक्कल बंद राहिली तर डिस्टॉर्शन भुंग्यासारखं कर्कश ऐकू येतं. उलट गिटार ॲम्पला जोडताना ती बंद केली नाही, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो, कारण ॲम्पचा स्वतःचा स्पीकर तिथे आहेच. ही नक्कल चालू-बंद कुठून होते, ते दुकानातच दाखवून घ्या.

गेल्या नवरात्रात माझ्या एका विद्यार्थ्याला आयत्या वेळी आमच्याबरोबर बसवलं. घरी हेडफोनवर त्याचा पॅच (इफेक्ट जुळवून पेडलमध्ये साठवलेला आवाज) भरदार वाटायचा. मंडपात ढोलकी, ऑक्टापॅड आणि कीबोर्ड सुरू झाले आणि त्याची गिटार ऐकू येईनाशी झाली. रिव्हर्ब निम्म्यावर आणला, गेन (फाटकेपणा) उतरवला, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) चढवला. पुढच्या गाण्याचा पीस (गायनाच्या मधला वाद्याचा तुकडा) शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. कंपनीने भरून दिलेले पॅच एकट्याने ऐकायला गोड लागावेत म्हणून बनवलेले असतात. पुढे ऑर्केस्ट्रात जाणाऱ्याने पायाने वर-खाली दाबायची पट्टी (एक्स्प्रेशन पेडल) असलेलं मॉडेल घ्यावं. सिंगर गात असताना व्हॉल्यूम मागे, पीसला पुढे, हे पायाने करता येणं फार मोलाचं आहे. स्वस्त मॉडेलमध्ये पॅच बदलायला पुढे-मागे एवढीच दोन बटणं असतात. तिसऱ्यावरून सातव्यावर जायचं तर मधले सगळे ओलांडावे लागतात. म्हणून पॅच गाण्यांच्या क्रमाने लावून ठेवावेत.

जुनं घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त आपली गिटार आणि लीड सोबत न्या. जॅक हलवून खरखर येते का बघा, प्रत्येक बटण बऱ्याचदा दाबा (एकदा दाबून दोन पॅच पुढे गेलं तर बटण गेलंय), एक पॅच सेव्ह करून पेडल बंद-चालू करा आणि तो टिकला का ते पाहा.

ॲडॅप्टरबद्दल कळकळीने सांगतो. या पेडलना साधारणपणे ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला ॲडॅप्टर लागतो. घरात पडलेला यामाहा कीबोर्डचा ॲडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्ह असलेला असतो. पिन बसते म्हणून तो लावू नका. बॉक्समध्ये ॲडॅप्टर आहे का ते घेतानाच विचारा; नसेल तर पेडलच्या मागे लिहिलेले व्होल्ट, मिलिअँपिअर आणि पिनचं चिन्ह जुळवूनच घ्या.

आमच्या भागातल्या वाद्यांच्या दुकानदारांना एक विनंती. डेमो देताना भारीतली गिटार आणि मोठा ॲम्प लावू नका. मुलाला त्याचीच गिटार जोडू द्या आणि तो घरी ज्यावर ऐकणार आहे, त्याच हेडफोनवर दहा मिनिटं निवांत वाजवू द्या. आणि आपण पुरवणीत महिन्यातून एकदा वाद्यखरेदीसाठी जागा दिलीत, तर हार्मोनिअम, तबला, कीबोर्ड यांवर लिहू शकणारे जाणकार कारागीर मिरजेतच भेटतील.

आपला,
एक गिटारशिक्षक, सांगली