झाडाला सात वर्षं, मग माळ्याला एकच का?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : महापालिकांच्या उद्यानांतले माळी, त्यांचे ठेके आणि आमच्यासारखे स्वयंसेवक

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या प्रभागातल्या सार्वजनिक उद्यानात आम्ही आजूबाजूच्या सोसायट्यांतली मंडळी सकाळी श्रमदान करतो. कुणी निवृत्त, कुणी कामावर जायच्या आधी तासभर येणारे, सुट्टीत दोन-चार कॉलेजची पोरं. महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या उद्यान विभागाशी आमचं भांडण नाही, आणि पत्र त्यांच्याकडे गेलं की उत्तर काय येणार हेही ठाऊक आहे : "धोरण वरून बदलायला हवं." म्हणून थेट वर लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते, पत्र शेवटपर्यंत वाचलं जाईलच असं नाही. उद्यानातला माळी दर निविदेबरोबर बदलू नका. आणि स्वयंसेवक आहेत या सबबीवर माळ्यांची संख्या कमी करू नका. बाकी सगळं या दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 पासून कायदा आहे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, ती लावताना सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (नकाशावर नेमक्या जागेची नोंद) व्हावं आणि 7 वर्षं त्यांची निगा राखली जावी, असं ठरलं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला झाड कळतं, असं मला वाचताना वाटलं. रोप लावलं म्हणजे झाड झालं नाही, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच येतं. पण ही सात वर्षं निगा राखणार कोण? आमच्या उद्यानात देखभालीचा ठेका वर्षाचा असतो. मुदत संपली की नवी निविदा, तोवर मुदतवाढ, मग नवा ठेकेदार आणि त्याच्याबरोबर नवी माणसं. म्हणजे एका रोपाच्या नशिबी झाड होईपर्यंत सात ठेकेदार.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते एका उदाहरणाने सांगते.

आमच्याकडे एका कडेला बहावा, ताम्हण आणि करंजाची रोपं लावली होती. पावसाळा निघाला, हिवाळा निघाला, आळी करून पाणी दिलं, रोपं कंबरेच्या वर गेली. त्याच सुमारास ठेका बदलला. नवी मुलं आली, कामाला चांगली होती, पावसानंतर माजलेलं गवत त्यांनी दोन दिवसांत साफ केलं. हातात पेट्रोलवर चालणारा कटर, त्याला नायलॉनची दोरी. ही दोरी गवताबरोबर रोपाच्या बुंध्यालाही लागते. गवत कापणाऱ्याला ते जाणवतही नाही, कारण रोप उभंच असतं, पानं हिरवीच असतात. बुंध्यापाशी वाकून पाहिलं तर जमिनीपासून चार बोटांवर साल गोल सोललेली दिसते. पानांनी तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. ती वाटच तुटली की मुळं उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही. काही आठवडे ते मुळांतल्या साठ्यावर तग धरतं, मग एकदम माना टाकतं. तोवर कुणालाच आठवत नाही की गवत कधी कापलं होतं. पंचनाम्यात कारण लिहिलं जातं : पाण्याअभावी.

आधीचे माळीमामा असते तर हे झालं नसतं. ते रोपांभोवती हातभर जागा खुरप्याने काढायचे आणि कटर त्याच्या बाहेरून फिरवायचे. काही रोपांच्या बुंध्याला त्यांनी जुन्या पीव्हीसी पाइपचे उभे चिरलेले तुकडे बसवले होते, फुकटात. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं आणि कुठल्या कार्यादेशातही नव्हतं. त्याच बागेत दोन-तीन रोपं अशीच गेल्यावर त्यांचं त्यांनाच सुचलेलं होतं. ठेका संपला तसे ते गेले. आता दुसऱ्या ठेकेदाराकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेरीला पाणी घालतात.

उद्यान म्हणजे काय हे त्या माणसाच्या डोक्यात होतं, महोदय. पाण्याची मुख्य चावी कुठल्या फरशीखाली आहे, पावसात कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठल्या रेन ट्रीची फांदी आतून पोकळ झाली आहे, आग्या मोहोळ कुठे बसतं आणि तेव्हा पोरांना कुठल्या बाकांवरून उठवायचं. जाताना हे सगळं ते बरोबर घेऊन गेले. हस्तांतराच्या कागदावर काय होतं? खुरपी, फावडी, घमेली, एक पाइप (लिकेज), एक कटर (नादुरुस्त).

खताची गोष्टही तशीच. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत उद्यानातला पालापाचोळा वेगळा गोळा करून शक्यतो उद्यानातच जिरवावा, असं म्हटलं होतं. आम्ही वर्गणी काढून जाळीचे दोन हौद केले. पाचोळा टाकायचा, शेणकाला शिंपडायचा, ओल राखायची, मामा आठवड्याने फावड्याने वरखाली करायचे. पहिल्या हौदातलं खत काळंभोर आणि भुसभुशीत निघालं, हातात घेतलं तर पावसाच्या मातीसारखा वास. दुसरा हौद अर्ध्यावर होता तेव्हा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराच्या कामाच्या यादीत "पालापाचोळा उचलणे" होतं, "कुजवणे" नव्हतं. एका सकाळी ट्रॅक्टर आला आणि अर्धं कुजलेलं खत भरून कचरा डेपोवर गेलं. कुणी चूक केली असं म्हणता येत नाही, सगळं नियमाप्रमाणेच झालं. त्याच उन्हाळ्यात उद्यानासाठी बाहेरून शेणखत विकत घेतलं गेलं, तेही नियमाप्रमाणेच.

आता आमच्याबद्दल. स्वयंसेवक ही मोठी गोड जमात आहे आणि तिच्या मर्यादा आम्हालाच जास्त माहीत आहेत. रोप लावायला सगळ्यांना हवं असतं, खुरपायला मात्र कुणालाच नको असतं. 5 जूनला, पर्यावरण दिनाला, तर इतकी गर्दी होते की फोटोत शिरायलाही रांग. पाऊस मात्र अनेकदा त्यानंतरच नीट येतो, तोवर त्या रोपांना पाणी कोण देतं ते विचारू नये. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा झाडांना माणसाची खरी गरज असते, तेव्हा आमच्यातले अर्धे गावाला जातात, उरलेल्यांतल्या निम्म्यांचे गुडघे दुखतात. आम्ही तास-दीड तास येतो, माळी आठ तास असतो. आम्ही मनाला येईल तेव्हा येतो, त्याची हजेरी लागते. हा फरक भावनेचा नाही, कामाचा आहे. त्याशिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. फांदीला हात लावायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मोटरच्या पेटीला आम्ही हात लावणं धोक्याचं, औषध फवारणी तर आम्ही करूच नये. उद्या एखाद्या आजोबांचा पाय खड्ड्यात मुरगळला तर जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आणि तरीही आमच्याकडे पाहून एका अधिकाऱ्यांनी हसत हसत सांगितलं, "तुम्ही आहातच की, आता दोन माळ्यांची काय गरज?" त्यांना ते कौतुक वाटलं असावं. पुढच्या निविदेत खरंच एक माळी कमी झाला. महोदय, श्रमदान करावं म्हणून आम्ही सकाळी उठतो. आमच्या श्रमदानाने कुणाची रोजी जावी म्हणून नाही. हे कळलं तेव्हा आमच्यातल्या काही जणांनी यायचं बंद केलं, आणि ते मला चुकीचं वाटत नाही.

मग स्वयंसेवकांचा उपयोग काय? आहे, भरपूर आहे. राणीच्या बागेचं उदाहरण घ्या. 1862 पासून भायखळ्यात असलेल्या या बागेत 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला आणि जुन्या वृक्षसंपदेवर गदा येईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा मुंबईतल्या काही महिला पुढे आल्या. त्यांनी बागेतली झाडं एकेक करून ओळखली, नोंदवली; तीन हजारांहून जास्त झाडं, अडीचशेहून जास्त जाती. ही जागा आधी वनस्पती उद्यान आहे आणि मग प्राणिसंग्रहालय, हे त्यांनी सरकारला कागदोपत्री दाखवून दिलं. हे काम ठेकेदार करत नाही, आणि रोज पाणी घालण्याच्या कामाखाली दबलेला माळीही करू शकत नाही. या कामाला वेळ, चिकाटी आणि पगाराची फिकीर नसणं लागतं. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याच्या जागेतल्या रोपांसाठी फिरायला येणारे लोक उन्हाळ्यात कॅन भरून पाणी वर नेतात, तेही तसंच. नजर ठेवणं, नोंद ठेवणं, तक्रार लावून धरणं, जिथे नळ पोहोचत नाही तिथे पाणी पोहोचवणं ही आमची कामं. रोजची बाग ही माळ्याचीच.

तेव्हा नेमकं काय हवं? माळ्याची पदं मंजूर असतील तिथे ती भरावीत, हे सगळ्यात सरळ. ते होणार नसेल आणि ठेकाच द्यायचा असेल, तर तो किमान तीन वर्षांचा द्या. ठेकेदार बदलला तरी काम नीट करणारा माळी त्याच उद्यानात राहील, अशी अट निविदेतच घाला. माणूस उद्यानाला जोडलेला हवा, ठेकेदाराला नव्हे. आणि देयकाचा काही भाग जगलेल्या झाडांवर ठेवा. लावलेल्या रोपांची संख्या हा आकडा फार फसवा आहे. एकाच खड्ड्यात तीन वर्षं तीन रोपं लावली की कागदावर तीन झाडं होतात. वर्षअखेरीला वृक्ष अधिकारी, माळी आणि स्वयंसेवक मिळून झाडं मोजू द्या. रोपांचं जिओ-टॅगिंग कायद्याने करायचंच आहे, त्यावरच हा हिशेब बसेल, नव्या ॲपची गरज नाही. (नवं ॲप कृपया नकोच.)

स्वयंसेवकांसाठी एक पानाचा नियम पुरे. काय करायचं, काय नाही, कुणाला विचारायचं, अपघात झाल्यास काय. आणि त्यात एक वाक्य ठळक असावं : स्वयंसेवकांच्या कामाचा हिशेब माळ्यांची संख्या ठरवताना धरला जाणार नाही.

पैसे कुठून, हा प्रश्न येईलच. आमच्या उद्यानात गेल्या काही वर्षांत ओपन जिम आली, कारंजं आलं आणि बंद पडलं, दारात शहराच्या नावाचा रंगीत दिव्यांचा सेल्फी पॉइंट आला. झाडांच्या बुंध्यांभोवती काँक्रीटचे सुंदर गोल कट्टे झाले, आता त्यांतून मुळांपाशी पाणी उतरायलाच जागा नाही. मध्यंतरी महापालिकांत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, तेव्हा असल्या कामांचा वेग जरा मंदावला होता. झाडांना ते मानवलं असं मी म्हणणार नाही, पण त्या काळात एकही नवा कट्टा झाला नाही, एवढं खरं. एका कारंज्याच्या खर्चात माळी किती महिने राहील, हा हिशेब आपल्या खात्याने एकदा मांडून पाहावा. उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं हा विषय राज्यघटनेच्या 12व्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे दिलेला आहे; पण निविदेचे नमुने, मुदती आणि पदांना मंजुरी शेवटी मंत्रालयातूनच ठरतात, म्हणून हा हिशेब आपल्याकडे मागते आहे.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. निविदेच्या नमुन्यात दोन अटी आणि एक परिपत्रक, एवढ्याने सुरुवात होईल. आमच्या उद्यानाचा चालू ठेका मार्चअखेर संपतो. आताचा मुलगा हळूहळू शिकतो आहे; गेल्या महिन्यात त्याने स्वतःहून रोपांभोवतीचं गवत आधी हाताने उपटलं आणि मग कटर चालू केला. नवी निविदा निघण्याआधी परिपत्रक आलं, तर निदान तो तरी राहील.

कळावे,
आपली नम्र,
सकाळी उद्यानात श्रमदान करणारी एक नागरिक