फाशीचा निकाल वाचताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तीन-तीन कोर्टांनी तपासल्यावर निरपराध माणूस फासावर जाईलच कसा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार याचिका, दयेचा अर्ज. पण वरची कोर्टं सहसा नव्याने साक्षी घेत नाहीत, खालून आलेलेच कागद वाचतात. तपासात जे टिपलंच गेलं नाही ते त्यांना दिसत नाही, आणि टिपलेलंही कधी कधी सुटतं.

जालना जिल्ह्यातला 2003 चा खटला बघ. एकाच घरातल्या पाच जणांचे खून. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. 2014 च्या एका निकालाने फाशीच्या प्रकरणांत फेरविचाराची सुनावणी खुल्या न्यायालयात घेणं बंधनकारक झालं, म्हणून प्रकरण परत उघडलं. तेव्हा लक्षात आलं, की हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. मार्च 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले, प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईसह. मधल्या दहा वर्षांत फाशी उरकली असती, तर भरपाई कुणाच्या हातात ठेवायची?

गुन्हा जितका भयंकर, तितकी आरोपी पकडण्याची घाई मोठी. म्हणजे जिथे लोक फाशी मागतात, नेमकी तिथेच चूक व्हायला जागा असते. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, म्हणून मग 'आरोपीने काढून दिलेल्या' वस्तूंवर सगळी मदार. निकाल वाचताना बघ: मुद्देमालाला सील कधी लागलं? पंच, म्हणजे जप्तीचे साक्षीदार, स्वतंत्र होते की पोलिसांचे नेहमीचे? ओळख परेड अटकेनंतर किती दिवसांनी झाली, आणि तोवर आरोपीचा फोटो छापून आला होता का?

गुन्हा निर्विवाद असला तरी फाशीवरचा माझा आक्षेप मिटत नाही. फाशी फक्त 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच, ही 1980 ची कसोटी शेवटी खंडपीठावरच अवलंबून. हरबन्स सिंग प्रकरणात एकाच गुन्ह्यात सारखाच वाटा असलेल्या तिघांना फाशी झाली होती. एकाची जन्मठेप झाली, एकाला 1981 मध्ये फासावर दिलं, आणि तिसऱ्याच्या वेळी हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेस आला! त्याची फाशी रद्द करावी अशी शिफारस न्यायालयाने राष्ट्रपतींना केली.

शिक्षेवरची सुनावणी वेगळी घ्यावी लागते. दोषी ठरवलं त्याच दिवशी ती उरकली असेल, तर त्या माणसाबद्दल कोर्टाला काय माहीत होतं, तेही निकालात शोध.

तुझी,
आई