सतरा नंबरचा फॉर्म आणि आपला शनिवार: बाईंना आभार पत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

आमच्या अंगणवाडीची सेविका म्हणून माझी नेमणूक झाल्याची बातमी मी आपल्या घरी येऊन सांगितली, पेढेही दिले. परंतु यात आपला वाटा किती आहे हे समोर बसून सांगू लागले की आपण विषय बदलता. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. तासगाव तालुक्यातील आमच्यासारख्या गावांत ज्यांचे शिक्षण लग्नामुळे मध्येच थांबले अशा अनेक जणी आहेत, आणि एखादीला पुन्हा उभे करायचे तर नेमके काय करावे लागते हे त्यांच्या घरच्यांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी मदतनीस म्हणून लागले तेव्हा माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले होते; पुढे सेविकापदासाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट आली. “मला पुढे शिकायचे आहे,” असे मी आपल्याला म्हणाले, तेव्हा आपण शाबासकी दिली नाही. “कोणत्या मार्चच्या परीक्षेला बसणार?” एवढेच विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि आपण ते तेथेच बसवून काढून घेतले. बारावीचा विचार बाजूला ठेवायला सांगितला. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी पाचवी उत्तीर्ण असणे आणि वयाची 14 वर्षे पूर्ण असणे पुरते, हे मला आपल्याकडूनच प्रथम कळले. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जुन्या शाळेतून काढणे हे पहिल्या आठवड्याचे काम ठरले आणि सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून नोंदणीचा अर्ज, भरणे हे त्यापुढचे. मुलांच्या वयाच्या उमेदवारांबरोबर रांगेत उभे राहण्याचा मला संकोच वाटत होता; त्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे आपण सांगितले आणि लगेच दाखल्याची चौकशी केलीत.

आपल्या मदतीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अभ्यासाचे वेळापत्रक आपण माझ्या घराकडे आणि बागेकडे पाहून आखले. परीक्षा मार्चमध्ये, आणि आमच्याकडे द्राक्षाची काढणी व बेदाण्याची धांदलही त्याच सुमारास. दुसऱ्या कोणी “रोज तीन तास अभ्यास कर” असे सांगितले असते. आपण मात्र मार्चपासून मागे मोजत आलात: फळछाटणीपूर्वी बीजगणित संपवायचे, विरळणी आणि डिपिंगच्या, म्हणजे घड विरळ करून संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, दिवसांत नवे काहीही न घेता केवळ भाषा आणि इतिहास वाचायचा, आणि काढणी सुरू होण्याआधी भूमितीच्या सर्व रचना हातात बसवायच्या. कामाच्या हंगामात उद्दिष्ट निम्मे करण्याची मुभा आपणच आधी लिहून दिली होती, त्यामुळे त्या दिवसांत मागे पडल्याची भावना आली नाही आणि अभ्यास सुटलाही नाही. जे उद्दिष्ट सुगीत टिकत नाही ते शेतकरी घरातील बाईच्या काय कामाचे, असे मला आता ठामपणे वाटते.

गणिताविषयी तर किती लिहावे! आपण पुस्तक पहिल्या प्रकरणापासून सुरू केले नाही. अंगणवाडीत आम्ही मुलांची वजने घेऊन नोंदवतो, म्हणून सांख्यिकी आधी घेतली. माझ्याच हातांनी मोजलेल्या वजनांवरून मध्य, मध्यक आणि बहुलक काढायला लावले. बचत गटाचा हिशेब मी लिहीत असे, म्हणून दरमहा साठत जाणाऱ्या रकमेवरून अंकगणिती श्रेढी समजावली. वर्गसमीकरणे त्यानंतर आली, तोवर गणिताचे पुस्तक उघडताना हात थांबेनासा झाला होता. मी 80 टक्क्यांचे स्वप्न बोलून दाखवले तेव्हा आपण म्हणालात, “आधी गणितात 35 नक्की करू, मग पुढचे गुण आपोआप दिसतील.” त्या वेळी ते मला कमी वाटले होते. पण दर शनिवारी त्या पस्तीसपैकी कोणते प्रकरण पदरात पडले हे सांगता येत असे, आणि कालनिर्णयावर दुधाच्या नोंदीशेजारी मी ते लिहून ठेवत असे. 80 टक्क्यांची अशी नोंद कुठल्याच शनिवारी करता आली नसती.

आणखी एक गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही. आपण आमच्या घरी येऊन सासूबाईंशी बोललात, तेव्हा स्त्रीशिक्षणाचे महत्त्व सांगितले नाही. संध्याकाळचा कोणता एक तास हिला मोकळा देता येईल, असे आपण त्यांना विचारले. त्यांनी भाकरीचे काम स्वतःकडे घेतले आणि तो तास अखेरपर्यंत मोडू दिला नाही. मागणी एवढी स्पष्ट आणि लहान होती म्हणूनच त्यांना होकार देता आला, असे मला वाटते. आपल्याबरोबर त्यांचेही आभार येथे मानते.

बारावी कला शाखेतून, पुन्हा सतरा नंबरच्याच फॉर्मवर, बरीचशी एकटीने केली. आपण शनिवारी फक्त काय झाले एवढे ऐकून घेत होतात आणि ते पुरेसे होते. यंदा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी. ए.साठी प्रवेश घेतला आहे. कोणत्या महिन्यात काय वाचायचे हे या वेळी मी स्वतः, छाटणीच्या तारखा समोर ठेवून, लिहून काढले.

एक विनंती आहे. आमच्या बचत गटातील तिघी जणी यंदा दहावीचा फॉर्म भरणार आहेत. त्यांचे दाखले मी मिळवून ठेवले आहेत, इतिहास आणि मराठी मी शिकवीन. भूमितीसाठी मात्र आपलाच आधार आहे. आपल्या प्रकृतीला झेपेल असा एखादा शनिवार कळवावा, म्हणजे त्यांना घेऊन येईन.

आपली नम्र विद्यार्थिनी