संगीताच्या तासाला शिक्षक द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी 26 वर्षं पेटी-तबला शिकवतोय. मुलं यंत्रमाग कामगारांची, विड्या वळणाऱ्या आयांची. घरी तेलुगू, शाळेत मराठी.

गेल्या वर्षी इथल्या एका शाळेत गेलो होतो. वेळापत्रकात शेवटचा तास संगीताचा, फळ्यावर मात्र भागाकार. पेटी कपाटावर पडलेली, भाता उंदरांनी कुरतडलेला. मुख्याध्यापकांना मी बोल लावणार नाही. शिकवायला माणूसच नाही, तर ते तरी काय करणार?

साहेब, या तासाकडे करमणूक म्हणून बघू नका. माझ्याकडे तिसरीतला एक मुलगा येतो. कविता दोन ओळींपुढं पाठ व्हायची नाही. त्याला तीनताल दिला. तोंडानं 'धा धिं धिं धा', हातानं टाळी, नवव्या मात्रेला (ठोक्याला) खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता हलवायचा. पहिले काही दिवस तो खालीलाच चुकायचा. पण सोळा मात्रा मनात धरायच्या, शेजारच्याचा आवाज ऐकायचा आणि समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, यायचं, हे सगळं एकाच वेळी करताना मेंदू किती राबतो, ते त्याच्या कपाळावर दिसायचं. आता तो कविता चालीत बांधून घेतो आणि सबंध म्हणतो.

एका मुलावरून मी सिद्धांत मांडत नाही. हाँगकाँगमध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाराव्या वर्षाआधी किमान 6 वर्षं संगीत शिकलेल्या तरुणींना कानावर पडलेले शब्द इतरांपेक्षा जास्त आठवले. चित्रांच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. सात वर्षांच्या आत शिकायला लागलेल्या वादकांमध्ये मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या तंतूंचा पुढचा पट्टा मोठा असल्याचं 1995 सालीच नोंदवलं गेलंय. गणिताचे मार्क वाढतील असं वचन मी देणार नाही. त्यावर संशोधकांचंच एकमत नाही. पण कान आणि पाठांतर यांचं नातं मी रोज बघतो.

म्हणून शाळांना स्पीकर आणि गाण्यांचे पेन ड्राइव्ह वाटू नका. नुसतं ऐकून हे होत नाही, हात आणि गळा चालवावा लागतो. पहिलीपासून आठवड्याला दोन तास द्या आणि त्याला माणूस द्या. हा पंढरपूरचा जिल्हा आहे. गावोगाव पखवाजी आहेत, पेटीवाले आहेत, संगीताची विशारद परीक्षा पास होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांना वेळेवर मानधन मिळालं, तर हे सगळे येत्या जूनपासूनच वर्गात उभे राहतील.

आपला,
सोलापुरातील एक संगीत शिक्षक