औषधाच्या पाकिटावर दोन ओळी मराठीत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या आईचं सगळं आयुष्य निपाणीत विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप घेऊन वाकून बसायचं, सकाळी मिश्री, दिवसभरात पाच-सहा वेळा चहा. छातीत जळजळणं तिला नवीन नाही. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांच्या पिशवीत 'गॅसची गोळी' सापडेल.

दिवाळीनंतर आईच्या पोटात रात्री एकाएकी कळा सुरू झाल्या. म्हणून तिचा औषधांचा स्टीलचा डबा घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक पट्टी बाहेर काढून विचारलं, तेव्हा सगळा घोळ कळला. पँटोप्राझोल, म्हणजे तीच 'गॅसची गोळी', चार आठवड्यांसाठी लिहून दिली होती, आई ती तीन वर्षं घेत होती. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं औषध, पण दुकानात रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळायची. शिवाय ती घ्यायची रात्री जेवण झाल्यावर. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते, नाहीतर तिचा पुरता उपयोग होत नाही. वर्षानुवर्षं घेतली तर अन्नातलं लोह आणि बी-१२ अंगी लागणं कमी होऊ शकतं. आईचं रक्त कमी भरलं होतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी पोट घट्ट झालं. मग शेजारणीच्या सांगण्यावरून पोट साफ व्हायची बिसाकोडिलची पिवळी गोळी आली, आणि ती आई रोज रात्री कोमट दुधाबरोबर घेऊ लागली.

दुधाबरोबरच ती घ्यायची नसते! गोळीवरचं आवरण आतड्यात विरघळावं असं केलेलं असतं. दुधाने किंवा अॅसिडिटीच्या पातळ औषधाने ते पोटातच सुटतं आणि कळा येतात. "मला हे कुणी सांगितलंच न्हाई बघ," आई एवढंच म्हणाली. तिचं काय चुकलं? पट्टीवर बारीक इंग्रजी, दवाखान्यातल्या भिंतीवर कन्नड. कन्नडबद्दल माझी तक्रार नाही, माझी मुलं ती शाळेत शिकतात. पण आईच्या वयाच्या बायकांना वाचता येतं ते मराठीच.

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथल्या औषध दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. पाकिटावर पेनाने एवढंच लिहा: उपाशीपोटी की जेवल्यावर, कशाबरोबर घ्यायची नाही, किती दिवस. इसबगोल देताना 'पेलाभर पाण्यात, वर आणखी पाणी' असं लिहा. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात फुगून अडकू शकतं. गिऱ्हाईक चौथ्यांदा तीच पट्टी मागायला आलं तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा. काळी शौच, घास अडकणं, वजन उतरणं असं काही सांगत असेल तर त्याच दिवशी पाठवा.

ज्यांची गोळी अशीच वर्षानुवर्षं चालू आहे, त्यांनी हे वाचून ती एकदम बंद करू नये. तसं केलं तर जळजळ उलट उसळते, आणि माणसाला वाटतं आपलं गोळीशिवाय चालतच नाही. आईची डॉक्टरांनी दोन महिन्यांत हळूहळू कमी केली. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून खाट उंच केली. मिश्री अजून सुटलेली नाही, त्यासाठी आमचं रोज भांडण चालू आहे.

आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा, एका औषधाची अशी माहिती मोठ्या अक्षरांत चौकटीत छापता आली तर पाहावं. पहिली चौकट कापून मी आईच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवीन.

आपली,
एक वाचक, निपाणी